खुणेची अंगठी आणि घरातली यंत्रे

अशोकवनात सीतेपुढे मारुती प्रकट होतो, तेव्हा तिच्या मनात पहिली शंका येते ती हा रावणच तर नव्हे ना, अशी. शंका रास्त आहे. एकदा नुसता वेष पाहून तिने भिक्षा वाढली होती आणि त्याचे फळ ती भोगत होती. मग मारुती रामाची मुद्रिका पुढे करतो. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडातला हा प्रसंग सर्वांच्या ओळखीचा; पण त्याचा उत्तरार्ध आपण जरा घाईने ओलांडतो. परत निघालेल्या मारुतीला सीता चित्रकूटावरची एक आठवण सांगते. तिला टोचणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाची काडी मंतरून सोडली होती, ती गोष्ट. त्या दोघांपलीकडे जाऊ नये अशी ही आठवण. मग ती आपला चूडामणीही देते. मारुती खरोखर सीतेलाच भेटून आला, हे रामाला पटावे म्हणून. जाताना एक खूण, येताना एक खूण आणि एक गुपित. दोन्ही बाजूंची ओळख पटल्याखेरीज निरोप पुरा होत नाही.

आजच्या घरात असे निरोप दिवसभर ये-जा करतात. ‘दार उघड’, ‘दिवा मालव’, ‘गीझर चालू कर’, ‘बैठकीच्या खोलीचे चित्र दाखव’. निरोप्या असतो मोबाइल. ऐकणारे असते दारातले कुलूप, छताचा दिवा, भिंतीवरचा कॅमेरा. निरोप आणणारा खरा कशावरून, ही सीतेची शंका या यंत्रांनाही यायला हवी. ती घेण्याच्या आणि फेडून घेण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात ऑथेंटिकेशन म्हणतात. आपण साधेपणाने ‘ओळख पटवणे’ म्हणू. मजकूर परक्याला वाचता येऊ नये असा करणे, म्हणजे कूटलेखन, ही वेगळी गोष्ट आहे. लाखेने बंद केलेला खलिताही तोतयाचा असू शकतो, आणि तोतया काय करू शकतो हे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पुणे दरबाराला १७७६ पर्यंत चांगलेच दाखवले होते.

या लेखाचा विषय त्याहून थोडा अरुंद आहे. ज्या यंत्राची स्मृती मोबाइलच्या मानाने चिमूटभर, ज्याची बॅटरी नाण्याएवढी आणि ज्याची किंमत काही शे रुपये, त्याने ही शंका घ्यायची कशी? या प्रश्नावर गेल्या वीसेक वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. त्या कामाला ‘हलके’ हे विशेषण लागते. हलके म्हणजे कमकुवत नव्हे, हे पुढे येईलच.

न विचारणारी यंत्रे

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत, विशेषतः पूर्व किनाऱ्यावर, ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे उघडेनाशी झाली. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देण्याचे काम करणाऱ्या डिन या कंपनीवर खोट्या विनंत्यांचा लोंढा आला होता. तो लोंढा मोठ्या संगणकांकडून आलेला नव्हता. घराघरांतले कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डबे आणि राऊटर तो पाठवत होते. त्यांच्यात शिरलेल्या प्रोग्रामचे नाव ‘मिराई’. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भविष्य’.

मिराईत बुद्धीची चमक शोधू गेल्यास निराशा होते. इंटरनेटवर भेटेल त्या यंत्राचे दार ठोठवायचे आणि साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या, एवढेच त्याचे काम. ‘ॲडमिन-ॲडमिन’, ‘रूट-१२३४५’ अशा, कारखान्यातून सरसकट घालून दिलेल्या जोड्या. एवढ्या भांडवलावर ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रे त्याच्या ताब्यात होती. ते लिहिणारे तीन अमेरिकी तरुण नुकते विशीत आलेले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. तोवर प्रोग्रामचा मजकूर जगभर खुला झाला होता. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांना अशाच तऱ्हेचा तडाखा बसला आणि ग्राहकांनी पासवर्ड बदलावेत असे सांगत फिरण्याची वेळ कंपनीवर आली.

मिराईच्या प्रकरणात एक बोचरी गोष्ट होती. ज्यांच्या घरचे कॅमेरे या फौजेत सामील झाले त्यांना फारसे काही जाणवलेच नाही. चित्र दिसत होते, दिवा लुकलुकत होता. नुकसान दुसऱ्याच कुणाचे झाले. गिऱ्हाइकाला कळत नाही आणि बनवणाऱ्याला भोगावे लागत नाही, तेव्हा सुधारणा कुणी करायची?

पण नुकसान नेहमी असे दूरचे नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातले, स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरू लागले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. तपासाविषयी पुढे आलेल्या बातम्यांत त्या यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असल्याचे छापून आले. त्या स्त्रियांनी तो कॅमेरा घेतला नव्हता, बसवला नव्हता, त्याचा पासवर्ड ठेवला नव्हता. जे कॅमेरे दवाखान्यात लागतात, तेच पाळणाघरात आणि म्हाताऱ्या आईच्या खोलीत लागतात.

चिमूटभर स्मृतीचे गणित

‘कॅमेऱ्यालाही बँकेसारखी सुरक्षा द्या’ हे म्हणणे सोपे आहे. बँकेचे संकेतस्थळ आणि आपला मोबाइल एकमेकांची ओळख पटवतात ते प्रमाणपत्रांच्या आणि अवाढव्य आकड्यांच्या जोरावर. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी शोधलेली आरएसए पद्धत आज वापरायची, तर निदान सहाशेहून अधिक अंकी आकड्यांचे गुणाकार-भागाकार करावे लागतात. मोबाइलला त्याचे काही वाटत नाही.

कॅमेऱ्यातली चिप त्यातल्या त्यात बरी असते. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला, दार उघडले की कळवणारा संवेदक घ्या. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने मे २०१४ मध्ये अशा छोट्या यंत्रांचे वर्ग पाडले. त्यातल्या ‘वर्ग १’च्या यंत्राकडे कामाची स्मृती सुमारे १० किलोबाइट आणि साठवणीची जागा सुमारे १०० किलोबाइट. आठ गिगाबाइट स्मृतीचा मोबाइल या यंत्राच्या आठ लाख पटींहून मोठा. या वर्गाच्याही खाली ‘वर्ग शून्य’ आहेच.

त्याहून मोठी अडचण बोलण्याची. घरगुती यंत्रांत झिगबीसारख्या पद्धती ज्या रेडिओ-नियमावर उभ्या आहेत, त्यात एका वेळी पाठवायच्या निरोपाची कमाल लांबी १२७ बाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर आणि त्याची मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजून, साठवायला तीन बाइट लागतात. अर्थात त्या निरोपात आपली बेचाळीस चिन्हे मावतील; या परिच्छेदाचे पहिले वाक्य बसेल. त्यातही काही जागा पत्त्यालाच जाते. नेहमीचे डिजिटल प्रमाणपत्र अनेक शे बाइटांचे असते, म्हणून ते तुकडे करून पाठवावे लागते. आणि अशा यंत्रात सहसा गणितापेक्षा रेडिओच अधिक वीज खातो. नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्षभर चालायचे, तर कमी बोलणे भाग आहे. या क्षेत्रातला खरा ‘हलकेपणा’ इथला आहे: थोडक्या शब्दांत आपली ओळख पटवणे.

परवलीचा शब्द आणि रोजचा नवा प्रश्न

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाला तो सांगायचा आणि आत जायचे. त्यात एक जन्मजात दोष आहे: तो उच्चारावा लागतो. बुरुजाच्या सावलीत उभा असलेला कुणीही तो ऐकू शकतो आणि पुढच्या खेपेला स्वतः म्हणू शकतो. रेडिओवर बोलणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर सावलीत कुणी उभे आहे असेच धरून चालावे लागते.

उपाय असा की गुपित कधीच उच्चारायचे नाही. ते आपल्याला माहीत आहे एवढेच सिद्ध करायचे. समजा, कुलूप आणि मोबाइल या दोघांकडे एकच गुपित आकडा आहे. मोबाइल म्हणतो, ‘दार उघड’. कुलूप लगेच उघडत नाही. ते कसलाही ठोकताळा नसलेला एक नवा आकडा पाठवते. मोबाइल तो आकडा आणि गुपित एकत्र घालून कांडतो आणि जो चुरा होईल तो परत पाठवतो. कुलूप आपल्याकडच्या गुपिताने तेच कांडते. दोन्ही चुरे जुळले, तर दार उघडते. गोडा मसाला जसा एकदा दळला की त्यातून अख्खे धणे परत काढता येत नाहीत, तसे या चुऱ्यातून गुपित काढता येत नाही. मसाल्याशी साम्य मात्र इथे संपते. धण्याचा एक दाणा कमी-जास्त झाला तर चव बदलत नाही. इथे गुपितातला एक बिंदू बदलला तर अख्खा चुरा ओळखू येईनासा होतो.

सावलीतल्या माणसाने हे सगळे ऐकले तरी त्याच्या हाती काय लागते? कालचा प्रश्न आणि कालचे उत्तर. आज कुलूप निराळा आकडा विचारेल. उलट बाजूने मोबाइलही कुलपाला एक आकडा पाठवून त्याची परीक्षा घेतो, म्हणजे तोतया कुलपाची सोय उरत नाही. मुद्रिका आणि चूडामणी दोन्ही झाले. आणि एवढ्याला खर्च किती, तर सोळा-सोळा बाइटांचे तीन-चार निरोप.

कांडण्याचे हे काम करणारी एचमॅक ही पद्धत १९९७ पासून आहे. बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वत्र वापरले जाणारे एईएस हे कूटलेखन २००१ पासून मानक आहे, आणि तेही पुष्कळ लहान चिपांवर चालते. मग नवे कशाला हवे होते? कारण सर्वांत गरीब यंत्रांत कूटलेखनाला एक आणि कांडण्याला दुसरा, असे दोन प्रोग्राम ठेवायलाच जागा नसते. शिवाय आत चाललेले काम बाहेरून विजेच्या चढउतारावरून ओळखता येऊ नये, यासाठीचा बंदोबस्त स्वस्तात करता यायला हवा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने यासाठी जगभरातून प्रस्ताव मागवले. २०१९ मध्ये ५७ आले. मार्च २०२१ मध्ये दहा उरले. या दहांत गिफ्ट-कॉफ्ब नावाची एक रचना होती आणि तिच्या कर्त्यांत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे मृदुल नंदी होते. आपल्याकडे ही बातमी क्रिकेटच्या निवडीइतकी गाजली नाही, एवढेच. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवड झाली ती ‘ॲस्कॉन’ची. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाशी नाते असलेल्या चौघांची ही रचना. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

ॲस्कॉनची कल्पना देखणी आहे. ३२० बिंदूंची, म्हणजे अवघ्या चाळीस बाइटांची, एक परात समजा. तिच्यात गुपित, नवा आकडा आणि निरोप एकेक करून घालायचे आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या रीतीने मळायचे. मळता मळताच गूढ झालेला निरोप बाहेर पडतो आणि शेवटी परातीतून सोळा बाइटांची एक मोहोर निघते. वाटेत कुणी एका बिंदूची ढवळाढवळ केली तरी मोहोर जुळत नाही. गुप्तता आणि ओळख ही दोन्ही कामे एकाच परातीत होतात. गुपित मात्र १२८ बिंदूंचे, ३९ अंकी आकड्याइतके. ते अंदाजाने शोधणे आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे.

किल्ली कुणाकुणाकडे?

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटावे. दोन प्रकरणे पाहू.

२०१६ मध्येच इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले आणि कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातले संशोधक फिलिप्सच्या ह्यू या दिव्यांचा अभ्यास करत होते. त्यांच्यात आरएसएमधले ‘एस’, म्हणजे आदी शमीर, हेही होते. या दिव्यांतले कूटलेखन उत्तम होते, तेच एईएस. पण दिव्याचा प्रोग्राम बदलायचा तर जे गुपित लागे, ते त्या जातीच्या साऱ्या दिव्यांत एकच होते. संशोधकांनी काही शे डॉलरांच्या साहित्याने, दिव्यातल्या चिपच्या विजेचे चढउतार मोजून, ते बाहेर काढले. दिवा फक्त अगदी जवळच्या यंत्राचे ऐकतो, या नियमातही एक चूक सापडली. मग सुमारे साडेतीनशे मीटरवरून, ड्रोनवर बसवलेल्या रेडिओने, त्यांनी एका कार्यालयाचे दिवे ताब्यात घेऊन ‘वाचवा’ असा मोर्स संकेत लुकलुकवून दाखवला. कंपनीने ती चूक लगेच दुरुस्त केली. एईएस मात्र कुणीच फोडले नव्हते. चाळीतल्या प्रत्येक खोलीला एकाच किल्लीचे कुलूप असेल, तर ते कितीही भारी असून काय उपयोग?

दुसरे प्रकरण टॅपलॉक नावाच्या बोटाच्या ठशाने आणि मोबाइलने उघडणाऱ्या कुलपाचे. जून २०१८ मध्ये एका ब्रिटिश सुरक्षा-संस्थेच्या ध्यानात आले की, हे कुलूप उघडणारे गुपित त्याच्या ब्लूटूथ पत्त्यावरूनच तयार केले जाते. आणि तो पत्ता तर कुलूप स्वतःच सतत हवेत ओरडून सांगत असते. दोन सेकंदांच्या आत कुलूप उघडले. इथे प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी होती खरी, पण ती दारावरच टांगलेली होती.

दोन्ही ठिकाणी गणित शाबूत आणि घर उघडे. म्हणून माझ्या मते हलक्या कूटलेखनाच्या संशोधनाचे खरे मोल एवढेच की, ‘आमची चिप लहान आहे’ ही बनवणाऱ्यांची सबब त्याने काढून घेतली. प्रत्येक यंत्राला स्वतःचे, कशावरूनही न ओळखता येणारे गुपित देणे, हे काम गणिताचे नाही. कारखान्याच्या शिस्तीचे आहे आणि त्याला पैसे पडतात.

हलकेपणाचा अतिरेकही झालेला आहे. २००६-०७ च्या सुमारास नुसत्या बेरजा आणि बिंदूंची अदलाबदल यांवर चालणाऱ्या ‘अतिहलक्या’ पद्धती निघाल्या आणि वर्ष-दोन वर्षांत एकेक मोडीत निघाली. तरीही अशा रचना सुचवणारे शोधनिबंध येतच असतात; त्यात स्वतःच्या पद्धतीच्या अभेद्यतेची सिद्धता असते आणि आधीच्या निबंधातली पद्धत कशी फुटते याचे वर्णन असते. दहा वर्षे जगाने फोडायचा प्रयत्न करूनही टिकलेली गोष्ट वापरावी, हा नियम कंटाळवाणा असला तरी बरा. ॲस्कॉन २०१४ पासून अशा माऱ्यात उभे आहे.

पहिली भेट

राहिला एक पेच. कुलूप आणि मोबाइल यांच्याकडे तेच गुपित आले कुठून? दोघे कालपर्यंत अनोळखी होते. झिगबीत कितीतरी वर्षे ही पहिली भेट सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या एका ठरावीक किल्लीने होई. ती किल्ली म्हणजे ‘झिगबीअलायन्स०९’ ही सोळा रोमन अक्षरे, दुसरे काही नाही. नवा दिवा जोडण्याच्या त्या काही क्षणांत कुणी ऐकत नसेल, या भरवशावर सगळा कारभार.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाने इथे चांगली वाट काढली आहे. यंत्राबरोबर, किंवा यंत्रावरच, एक क्यूआर चौकोन येतो. त्यात आठ अंकी संकेत असतो. आठ अंक म्हणजे दहा कोटींहून कमी शक्यता, संगणकाला हा काही क्षणांचा खेळ. पण स्पेक-टू-प्लस नावाच्या पद्धतीमुळे हा संकेत हवेतून जातच नाही. दोन्ही बाजू त्याच्या आधारे एक नवे, लांबलचक गुपित तयार करतात, आणि ऐकणाऱ्याला घरी नेऊन निवांत तपासता येईल असे काही उरत नाही. अंदाज बांधायचा तर प्रत्येक खेपेला खुद्द यंत्रासमोर येऊन बांधावा लागतो, आणि यंत्र दहा कोटी वेळा ऐकून घेत नाही. ही पहिली भेट झाली की यंत्राला त्या घराचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते आणि पुढचे व्यवहार त्यावर चालतात. शिवाय हे यंत्र अस्सल आहे, असे सांगणारा कारखान्याचा दाखला प्रत्येक यंत्राचा वेगळा.

कायदेही मागोमाग आले. सर्वांना एकच पासवर्ड देऊन यंत्रे विकायला कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून मनाई केली. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीची अट एप्रिल २०२५ पासून लागू आहे. आधीच भिंतीवर चढलेल्या कॅमेऱ्यांना त्याचा उपयोग नाही; ते आणखी दहा वर्षे तिथेच असतील.

घरातलाच माणूस

यंत्राने ओळख पटवून घेतली म्हणजे तरी त्याला काय कळले? समोरच्याकडे किल्ली आहे, एवढेच. ती कुणाच्या हातात आहे आणि त्याचा हेतू काय, हे कळत नाही. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा अमेरिकी स्त्रियांच्या हकीकती छापल्या, ज्यांच्या घरातले दिवे, घंटा, वातानुकूलन घर सोडून गेलेला जोडीदार दुरून चालवत होता. कुणी काही फोडले नव्हते. यंत्रे त्यानेच बसवली होती, खाते त्याच्या नावावर होते आणि प्रत्येक आज्ञेला पटलेली ओळख होती. आपल्याकडेही घरातले असे सारे काही बहुधा एकाच पुरुषाच्या मोबाइलवर असते, आणि सुनेला वा सासूला कॅमेरा कुणाकुणाला दिसतो हे विचारायची पद्धत नाही.

तांत्रिक तरतूद इथे थोडीशीच आहे, पण आहे. मॅटरच्या यंत्राला एकाच वेळी निदान पाच वेगवेगळ्या व्यवस्थांत नांदता आले पाहिजे, म्हणजे घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही स्वतःच्या खात्यातून त्यावर पूर्ण अधिकार ठेवता येतो. आणि यंत्र मूळ स्थितीला आणले की जुनी सगळी प्रमाणपत्रे पुसली जातात. जुना फ्लॅट कुलपा-कॅमेऱ्यांसह विकत घेणाऱ्याने, भाडेकरू बदलताना मालकाने आणि भाडेकरूनेही, वेगळे होताना दोघांपैकी राहणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावे. त्यानंतर यंत्र पुन्हा जोडायला तोच आठ अंकी संकेत लागतो, जो बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत गेलेला असतो. तो चौकोन कापून, घराच्या करारनाम्याच्या आणि वीजबिलांच्या फायलीत ठेवलेला बरा. फाइल कुठे आहे हे मात्र घरातल्या एकाहून अधिक माणसांना माहीत असावे.